डाव्या कोपऱ्याचा हात

शुक्रवारची सकाळ होती आणि मी घावनं काढत होते. नवरा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "एक खरं सांग. मी चांगला खेळतो, की ही पोरं मला चांगला दिसू देतात?"

तवा तापलेला, हातात पिठाची वाटी, आणि ह्या माणसाला हे आत्ता सुचलं. लग्न झाल्यापासून ह्याने मला कुठला शर्ट घालू म्हणूनसुद्धा कधी विचारलेलं नाही. मी म्हटलं, आधी खाऊन घ्या, मग सांगते. खाऊन झालं, दुसरा चहा झाला, तरी मी काही सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं तर सांगणार काय, कपाळ?

प्रश्न कुठून आला ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं. नवरा इथे मस्कतमध्ये, अल खुवैरच्या एका कंपनीत एसी मेकॅनिक. मोठमोठ्या ऑफिसांच्या गच्चीवर ती अवाढव्य यंत्रं असतात ना, ती ह्याच्या हाताखालची. कंपनीने मस्कतमधलं काम आटोपतं घ्यायचं ठरवलं आणि सगळ्यांना दुक्मला पाठवायचं फर्मान काढलं. दुक्म म्हणजे अर्ध्या दिवसाचा रस्ता, दोन्ही बाजूंना नुसतं वाळवंट, टोकाला बंदर. राहायला कॅम्प, एका खोलीत चौघे पुरुष. बायकामुलांना तिथे जागा नाही. म्हणजे मार्चमध्ये परीक्षा झाली की मी आणि मुलगी गावाला, चिपळूणच्या पुढे, आणि हा तिकडे. भेट वर्षातून एकदा, तीही सुट्टी मिळाली तर.

त्यातून सुटायची एकच वाट होती आणि ती कबड्डीतून जात होती. हसू नका. आमच्याकडे कबड्डीवर पोलिसात लागलेली, बँकेत लागलेली माणसं आहेत. मस्कतमध्येही तसं काही होऊ शकतं हे मात्र मला नवीन होतं. एका दुसऱ्या कंपनीचे साहेब, आपलेच, सांगलीकडचे, कबड्डीचे वेडे. कंपनीची टीम त्यांनी हौसेने उभी केलेली. त्यांच्याकडे स्टोअरकीपरची एक जागा रिकामी झाली होती, फॅमिली व्हिसासकट. नवऱ्याच्या चढायांचे व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर फिरत गेले होते. त्यांनी निरोप पाठवला की पुढच्या शुक्रवारी आमच्याकडून एक मैत्रीची मॅच खेळा, माझ्या पोरांबरोबर कसे खेळता ते बघतो, मग बोलू.

माझ्या पोरांबरोबर. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

नवरा बेचाळीस वर्षांचा आहे. ह्या वयात बाकीचे कबड्डीवाले पंच होतात, नाहीतर पोट सावरत खुर्चीवर बसून खेळणाऱ्यांना अक्कल शिकवतात. हा अजून चढाईला जातो, समोरच्याला हात लावतो आणि परत येतो. मस्कतमधल्या आमच्या कोकणातल्या पोरांच्या टीमचा हा चढाईपटू, मी इथे यायच्याही आधीपासून. बक्षीस समारंभात हार ह्याच्याच गळ्यात. पण पाठीमागे कुजबुज असायचीच आणि अलीकडे ती समोरून ऐकू येऊ लागली होती. ह्याचं कसलं कौतुक, ह्याच्या टीमची पकडच एवढी दणकट की समोरचे सात जण आधीच चारावर आलेले असतात. चार गड्यांच्या मैदानात माझी सासूही पॉइंट घेऊन येईल. सासू माझ्या पदरची, पण लोकांचं म्हणणं हेच.

आमची मुलगी नववीत आहे. ती विचार करते इंग्रजीत आणि मराठी बोलताना मध्येच थांबून शब्द शोधते, किल्ली हरवल्यासारखी. तिने हा वाद ऐकला आणि मला मोबाइलवर अमेरिकेतला फुटबॉल दाखवला, तो लंबगोल चेंडूचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक जण असतो. चेंडू त्याच्या हातात येतो, तो उभा राहून कुणाकडे फेकायचा ते बघतो, आणि त्याला बघायला सवड मिळावी म्हणून पुढे पाच आडदांड माणसं मार खात उभी असतात. तिने दाखवलेला क्वार्टरबॅक म्हातारा होता, म्हणजे खेळाच्या मानाने, आणि व्हिडिओखाली लोक हमरीतुमरीवर आले होते की हा मोठा, का ह्याच्या पुढचे पाच मोठे. "बाबांचं पण सेम आहे," मुलगी म्हणाली. मी विचारलं, मग शेवटी काय ठरलं? तर म्हणे काही ठरत नाही, लोकांना भांडायला आवडतं. त्या लोकांचं बरं आहे. भांडण संपल्यावर त्यांना बॅगा भरायच्या नसतात.

मी माझ्या परीने तपास करून पाहिला. जुने व्हिडिओ काढून बसले. जेव्हा टीम जिंकली तेव्हा नवरा चांगला खेळला होता, आणि जेव्हा नवरा चांगला खेळला तेव्हा टीम जिंकली होती. आता ह्यातलं आधी काय आणि मागून काय, डोंबल कळणार? मग मला वाटलं, डावा कोपरा नसताना काय झालं ते बघू.

डावा कोपरा म्हणजे माणूस. कबड्डीत सात जण हातात हात धरून साखळी करतात, तिच्या टोकाचे दोघे ते कोपरे. आमच्या टीमचा डावा कोपरा रत्नागिरीकडचा, मुसलमान, पस्तिशीचा, अल मवालेहच्या भाजीबाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला. पहाटेपासून कांद्याटोमॅटोचे क्रेट उतरवतो आणि संध्याकाळी मैदानावर माणसं आडवी करतो. घोटा एकदा हातात आला की सोडत नाही. नवऱ्याला दादा म्हणतो, मला वहिनी. मी त्याला तोंडावर भाऊ म्हणते आणि घरात डावा कोपरा. त्याची बायको आणि लहान मुलगा गावी. त्यांना इथे आणायचं म्हटलं तर त्याच्या पगारात व्हिसा बसत नाही. दर गुरुवारी तो पिशवीभर भाजी घेऊन आमच्याकडे जेवायला येतो, आणि सुरमईचं कालवण असलं तर दोन दिवस आधीच त्याला कसा वास लागतो कोण जाणे.

तर मागच्या हिवाळ्यात डावा कोपरा बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. त्या काळात तीन मॅचेस होत्या. पहिलीत नवरा साफ झोपला. मी मनात म्हटलं, सापडलं. दुसरीत त्याने एकट्याने समोरचं अख्खं मैदान रिकामं केलं. तिसरी मॅच वारा सुटून डोळ्यात वाळू जायला लागली म्हणून अर्ध्यावर सोडली. घ्या आता. ह्यावरून कुणी काय समजायचं?

सकाळी प्रश्न विचारला त्याच शुक्रवारी दुपारी नवऱ्याने मला त्याचं गुपित सांगितलं. साखळीत तो डाव्या कोपऱ्याच्या शेजारी उभा असतो, त्याचा हात धरून. समोरचा चढाईवाला परत फिरला की आपली पाळी येते आणि नवऱ्याने लगेच निघायचं असतं, विचार करायला सवड नसते. नेमक्या त्या क्षणी डावा कोपरा त्याचा हात दाबतो. एकदा दाबला तर उजवीकडचा गडी कच्चा, दोनदा दाबला तर डावीकडचा. मी विचारलं, हे तुमचं ठरलं कधी? तर म्हणे ठरलं कधीच नाही, बोलणंही झालं नाही, खेळता खेळता आपोआप जमलं. तो टोकाला उभा राहून सगळं मैदान बघतो आणि मला सांगतो. "तो बघतो आणि मी जातो. लोक बोलतात ते खरंच आहे गं. आणि पुढच्या शुक्रवारी त्याचा हात नसणार."

हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला की मला भरून आलं. हा माणूस उंच गच्च्यांच्या कडेला उभा राहून पाने-पक्कड चालवतो, त्याला मी कधी घाबरलेला पाहिला नव्हता. आणि खरं सांगू, थोडा रागही आला. मी इतकी वर्षं शेजारपाजारी पेढे वाटत आले ते कुणाच्या नावाने?

गुरुवारी डावा कोपरा मेथीच्या जुड्या आणि फ्लॉवर घेऊन आला. नवरा अजून कामावरून यायचा होता. मी मेथी निवडायला घेतली आणि गंमत म्हणून विचारलं, भाऊ, तुमच्या त्या खुणा मलाही शिकवा की. तो म्हणाला, कसल्या खुणा? मला वाटलं, गुपित सांभाळतोय. मग मी सगळंच सांगितलं, एकदा दाबलं की उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. त्याने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"वहिनी, माझ्या हाताला मुंग्या येतात," तो म्हणाला. "दिवसभर क्रेट उचलून बोटं बधिर होतात, म्हणून मी मूठ दाबतो. कधी एकदा, कधी दोनदा. त्यात खूण कसली? दादा कुठे जाणार ते मला काय माहीत?"

मला पहिल्यांदा तर इतका आनंद झाला. म्हणजे जे काही होतं ते ह्याचंच होतं, सगळं, पहिल्यापासून. कुणी काही सांगत नव्हतं, हा आपल्या डोक्याने जात होता आणि जिंकून येत होता. पण दुसऱ्याच क्षणाला वाटलं, आपल्या डोक्याने कुठे? हा तर हाताच्या भरवशावर जात होता. कुणीतरी बघतंय, कुणीतरी सांगतंय, म्हणून बेधडक घुसत होता. तो हात नसता तर हा घुसला असता का? आणि हात तर होताच, मुंग्या आलेला का होईना. मग ते यश कुणाचं म्हणायचं? मुंग्यांचं?

डावा कोपराही गोंधळून गेला होता. इतकी वर्षं दादा माझ्या मुंग्यांवर खेळला, असं दोनतीनदा पुटपुटला. मग एकदम म्हणाला, वहिनी, हे दादांना सांगू नका, निदान उद्या तरी नको, त्यांचा भरवसाच जाईल. मी म्हटलं, उलट सांगायला पाहिजे, म्हणजे उद्या तुमचा हात नसला तरी अडत नाही हे कळेल. तो म्हणाला, कळेल, पण पायांना कळायला नको का? आमचं हे चाललेलं असताना दारात किल्ली फिरली. मग जेवणं झाली, मेथीची भाजी नवऱ्याला आवडली, आणि मुंग्यांचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

शुक्रवारी उन्हं कलल्यावर मॅच होती, आमच्या घराजवळच, अल खौदच्या एका मैदानात. कंपनीने मॅट अंथरली होती. साहेब टोपी घालून खुर्चीत, शेजारी चहाचा थर्मास. मी, मुलगी आणि डावा कोपरा दुसऱ्या बाजूला उभे. डावा कोपरा साधी पँट घालून आलेला, बाजारातून तसाच, कपड्यांना कोथिंबिरीचा वास.

नवरा परक्या रंगाची जर्सी घालून एका परक्या पोराचा हात धरून उभा राहिला. तो हात काही बोलेना. पहिल्या चढाईला हा मध्यापर्यंत गेला, उगाच इकडेतिकडे बघितलं आणि मोकळा परत आला. दुसऱ्या चढाईला पाय सापडला आणि सगळे ह्याच्या अंगावर. मुलीने गावाकडच्या मुलांकडून कबड्डीतला शब्द उचललाय, बाद झाला की मेला. "आई, बाबा मेले," ती कळवळून म्हणाली, आणि पलीकडच्या दोन बायका चमकून वळल्या. कबड्डीत बाद झालेल्याला बाहेर बसावं लागतं आणि आपल्या टीमने पॉइंट केला तरच परत उठता येतं. त्या पोरांची पकड यथातथाच. एकदा त्यांनी ह्याला उठवला, हा गेला आणि परत मेला. मध्यंतर झालं तेव्हा हा बाहेर मांडी घालून बसलेला आणि टीम चांगलीच मागे. साहेब शेजारच्याच्या कानाला लागले होते.

मला राहवेना. बायका मॅटजवळ जात नाहीत, पण मी गेले. नवरा पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा होता. मी म्हटलं, "अहो, तो तुम्हाला कधीच काही सांगत नव्हता. त्याच्या हाताला मुंग्या येतात."

त्याने बाटली खाली घेतली. माझ्याकडे बघितलं, मग पलीकडे डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. डावा कोपरा जमिनीकडे बघत होता. नवऱ्याने चूळ भरली, थुंकला आणि पाठ फिरवून गेला. मला वाटलं, संपलं, माझ्याच तोंडाने मी आमचं दुक्म पक्कं केलं.

आणि तेवढ्यात काय व्हावं? कंपनीच्या टीमचा जो डावा कोपरा होता त्याचा पाय पहिल्या डावात मुरगळला होता, आता त्याला टेकवेना. साहेबांनी विचारलं, कुणी आहे का? नवऱ्याने बोट दाखवलं. आमच्या डाव्या कोपऱ्याने कुणाची तरी चड्डी मागून घातली आणि तो आत गेला, आपल्या नेहमीच्या जागी.

दुसऱ्या डावातल्या पहिल्याच चढाईला त्याने समोरच्याचा घोटा धरला आणि माणूस पालथा पाडला. त्या पॉइंटावर नवरा उठून आत आला आणि त्याच्या शेजारी हात धरून उभा राहिला. मग जे सुरू झालं ते मी वर्षानुवर्षं पाहत आले होते, तरी नवीन पाहिल्यासारखं पाहिलं. हा उजवीकडे गेला, दोघांना हात लावून आला. डावीकडे गेला, एक घेऊन आला. डावा कोपरा धरतोय, हा मारतोय, हा मेला तर डावा कोपरा त्याला उठवतोय. समोरची टीम अख्खी बाद झाली, परत उभी राहिली, परत गळायला लागली. थोडक्यात का होईना, पण जिंकलो. साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. मी आणि मुलीने एकमेकींचे हात इतके आवळले की तिची बांगडी वाकली.

परत येताना एका कॉफीशॉपसमोर गाडी उभी करून करक चहा, इकडचा तो दाट दुधाचा, मागवला आणि गाडीतच वादाला तोंड फुटलं. डावा कोपरा म्हणाला, दादा, वहिनींनी सांगितल्यापासून मी विचार करत होतो, आज मी खऱ्या खुणा केल्या. एकदा उजवीकडे, दोनदा डावीकडे, आणि तुम्ही बरोबर तिकडेच गेलात. नवरा म्हणाला, मी तुझ्या हाताकडे लक्षच दिलं नाही, मुंग्या म्हणून सोडून दिलं. मग उजवीकडे का गेलात? उजवीकडचा कच्चा होता म्हणून गेलो. तेच तर मी दाबून सांगितलं. अरे पण मी ऐकलंच नाही ना. हे असं चहा संपेपर्यंत. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, मग कोणामुळे जिंकले? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि हसायला लागले. मीही हसले. मला कुठे फिकीर होती? माझ्या डोक्यात जागा मिळालेली होती, मुलीची दहावी इथे झालेली होती.

रविवारी साहेबांचा फोन आला. नवऱ्याला नाही, डाव्या कोपऱ्याला आला.

साहेबांचं म्हणणं त्याने आम्हाला कळवलं, आणि ते सरळ होतं. पहिल्या डावात आमची पोरं आणि तुमचे दादा, तर हरत होतो. दुसऱ्या डावात आमची पोरं, तुमचे दादा आणि तुम्ही, तर जिंकलो. वाढलं कोण? तुम्ही. स्टोअरची जागा तुम्हाला देतो, आणि आमच्या टीमकडून खेळा. ह्या हिशोबात चूक काढायला मी जंग जंग पछाडलं. एक सापडली. मध्यंतरात आणखी एक गोष्ट वाढली होती, मी जाऊन बोलले होते, आणि ते साहेबांच्या हिशोबात नव्हतं. पण ते कुणाच्या बाजूने मोजायचं? मी बोलले म्हणून नवरा मोकळा झाला, की डावा कोपरा आत आला म्हणून? का दोन्ही नसतं झालं तरी दुसऱ्या डावात त्याचा जम बसलाच असता? साहेबांना फोन करून हे सांगावं असं एकदा मनात आलं. काय सांगणार होते, तुमच्या जिंकण्यात माझाही हात आहे?

सोमवारी डावा कोपरा आला. गुरुवार नव्हता आणि हातात भाजीची पिशवीही नव्हती. तो बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला की साहेबांना अजून हो म्हटलेलं नाही. "दादा, ती जागा तुमची आहे. मी उद्या नाही सांगून टाकतो."

नवरा म्हणाला, वेडा का तू, चालून आलेली नोकरी सोडतोस? घे.

त्याने माझ्याकडे वळून म्हटलं, वहिनी, तुम्ही सांगाल तसं.

आता आमच्यात कसं असतं, कुणी नको म्हटलं की आग्रह करायचा. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, आपण तो हात बाजूला सारून अजून एक वाढतो, तो परत नको म्हणतो, त्यात दोघांचाही मान राहतो. दर गुरुवारी मी ह्या माणसाच्या पानात सुरमईचा दुसरा तुकडा ठेवताना जे म्हणते, तेच, त्याच सुरात, माझ्या तोंडून निघून गेलं.

"घ्या हो भाऊ, घ्या."

दर गुरुवारी तो हात आडवा धरतो. ह्या वेळी त्याने धरला नाही. मटकन सोफ्यावर बसला, डोळ्यांवर मनगट दाबलं आणि म्हणाला की आता बायकोला आणता येईल, पोरगा त्याला अजून नीट ओळखतही नाही. नवऱ्याने उठून त्याला मिठी मारली. मी आत जाऊन त्याच्यासाठी भात टाकला. कुकरचं झाकण दोनदा वाकडं बसलं.

तो गेल्यावर नवऱ्याने मला विचारलं, घ्या कशाला म्हणालीस? मी म्हटलं, तुम्ही म्हणालात म्हणून. तो म्हणाला, मला वाटलं तो नाही म्हणेल. मग माझा जो बांध फुटला. मी म्हटलं, असं होतं तर स्पष्ट सांगायचं होतं, की बाबा रे, ही जागा माझी आहे.

"माझी होती का?" नवऱ्याने विचारलं.

अगदी शांतपणे विचारलं, भांडायच्या सुरात नाही. मी ओरडले. तुमचीच होती, आत कोण जात होतं, परत कोण येत होतं, इतकी वर्षं कुणाच्या अंगावर लोक तुटून पडत होते. मी खूप ओरडले, मुलगी खोलीतून बाहेर आली. तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, हे त्याच्यासमोर का नाही बोललीस? मला खरंच माहीत नाही. मी चांगुलपणाने घ्या म्हटलं, सवयीने म्हटलं, की मलाही मनातून वाटत होतं की जागा त्याचीच आहे? तिन्हींपैकी काहीही असू शकतं. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

तेव्हापासून मी सगळ्यांवर चिडून पाहिलं. साहेबांवर चिडले, पण त्यांचा हिशोब चुकीचा म्हणता येईना. डाव्या कोपऱ्यावर चिडले, पण तो दर दोन दिवसांनी येऊन आमची खोकी बांधू लागायचा, आणि अशा माणसावर किती वेळ चिडणार? नवऱ्यावर चिडणं सोपं होतं, तेच जास्त केलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, गावाच्या शाळेत मी मराठीत उत्तरं कशी लिहू? मी म्हटलं, जमेल. कसं जमेल ते मला माहीत नव्हतं.

परीक्षा झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या. नवरा एका खोक्यात आमचं सामान भरत होता आणि दुसऱ्यात स्वतःचं, दुक्मचं. डावा कोपरा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या बायकोचा व्हिसा आला होता, तिला माझ्याशी बोलायचं होतं. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आवाज कोवळा, थोडा घाबरलेला. काय काय घेऊन येऊ, असं तिने विचारलं. मी तिला सगळं नीट सांगितलं. तांदूळ आणू नकोस, इथे मिळतात. कोकमं आण, तिरफळं आण. उन्हाळ्यात नळाला गरम पाणी येतं, त्याने दचकू नकोस. पोराला शाळेत घालायचं तर आधीपासून नाव नोंदव. ती हो हो म्हणत होती, मध्येच पोराला गप्प बस म्हणत होती.

मग जरा थांबून ती म्हणाली, "ह्यांनी सांगितलान मला, दादा नसते तर ह्यांचं काय पन झालं नसतं."

नवरा खोक्याला टेप लावत होता, आमच्या की त्याच्या ते मला पाठमोरं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "त्यांच्याशिवाय माझंही नाही होत गं," आणि फोन डाव्या कोपऱ्याच्या हातात देऊन टाकला.